वर्डमधला मिळकतींचा तक्ता पानावर तुटतो, मथळा भरकटतो, वेलांट्या कापल्या जातात. काय करू?

कचेरीसमोरची

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. १९ वर्षं झाली. दुकान म्हणजे दहा बाय आठचा गाळा, दोन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर पत्र्याखाली गिऱ्हाइकांसाठी बाकडं. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र, वारसाचे अर्ज, सगळं करते. मजकूर वकीलसाहेबांचा, बसवायचं काम माझं.

मी शिकले ते टाइपरायटर मशीनवर. मराठी ३० शब्द मिनिटाला, मग ४०. परीक्षेत स्टेटमेंट असायचं, म्हणजे तक्ता. त्याला आधी कागदावर आकडेमोड करायची: प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द किती ठोक्यांचा, दोन रकान्यांत किती जागा, उरलेल्याला दोनाने भागून डावीकडे किती सोडायचं. मग टॅब्युलेटर लावायचे आणि खड्‌खड्‌ करत गाडी बरोबर त्या जागी जाऊन थांबायची. चुकलं तर कागद फाडून नवा. त्यामुळे तक्त्याची मला भीती कधी वाटली नाही. वर्डचा तक्ता मात्र मला १९ वर्षं चकवतोय, आणि परवा तर त्याने माझी पुरती शोभा केली.

वाटणीपत्र होतं. तीन भाऊ, ३१ मिळकती. परिशिष्ट अ थोरल्याचं ११ मिळकतींचं, ब मधल्याचं ९, क धाकट्याचं ११. रकाने पाचच: अ.क्र., गट नं., क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि चतु:सीमा. चतु:सीमेच्या रकान्यात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस अशा चार-पाच ओळी येतात, त्यामुळे एकेक मिळकत उंच होते आणि परिशिष्ट दोन-तीन पानं खातं. लीगल साइजचा लेजर कागद.

आता काय झालं ते सांगते.

एका मिळकतीचं गट नंबर, क्षेत्र आणि पूर्व-पश्चिम पाचव्या पानावर राहिलं. दक्षिण-उत्तर सहाव्या पानावर गेलं. नोंदणीच्या टेबलावरचे साहेब चष्मा वर करून म्हणाले, "बाई, ह्या जमिनीला दक्षिण-उत्तर आहे का नाही?" मागे उभे असलेले सगळे हसले. वकीलसाहेब नाही हसले. त्यांचं म्हणणं रास्त होतं. प्रत्येक पानावर सह्या होतात, उद्या कुणी मधलं एक पान बदललं तर अर्ध्या मिळकतीची चतु:सीमाच वेगळी होईल. एक मिळकत एकाच पानावर पाहिजे.

मी तिथल्या तिथे दुकानात पळत येऊन नेहमीचं केलं: त्या ओळीच्या वर एंटर मारून मारून ती पुढच्या पानावर ढकलली. मग दुसरा घोळ. दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या माथ्यावर मथळ्याची ओळ मी कॉपी करून हाताने घातलेली असते (अ.क्र., गट नं. वगैरे, वाचणाऱ्याला कळायला नको का). थोरल्या भावाला ऐन वेळी विहिरीतला पाण्याचा हिस्सा आठवला. एक ओळ वाढली, आणि माझा मथळा सहाव्या आणि सातव्या मिळकतीच्या मध्ये, पानाच्या बरोबर मध्यावर येऊन बसला. घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रिंट निघाली, सह्या व्हायच्या बाकी होत्या म्हणून वाचले.

तिसरं, वेलांट्या. पूर्वी आमचा सगळा माल जुन्या फॉन्टात होता. आता युनिकोडमध्ये करून घेतलाय, मंगल वापरते. पण तक्त्यात वरच्या वेलांट्या आणि रफार अर्धे कापलेले दिसतात. तक्त्याबाहेर तेच अक्षर छान उमटतं. "पूर्वेस"चा रफार गेला की "पूवेस" दिसतं आणि शिकलेली माणसं माझ्याकडे बघतात.

चौथं, प्रत्येक परिशिष्ट नवीन पानावर असतं, आणि तक्ता पानाच्या तळाला संपला की पुढे एक कोरं पान निघतं. ते डिलीट होत नाही. किती वेळा बॅकस्पेस मारलं. दस्ताला पानागणिक हाताळणी शुल्क लागतं, कोऱ्या पानाचे पैसे पक्षकार कशाला देईल?

साचा माझा नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका दस्तलेखकाच्या पेनड्राइव्हवरून आला, त्यांना आणखी कुणाकडून. तालुक्यात सगळे तोच वापरतात. वर्ड २०१० आहे. सोप्या भाषेत सांगा, मी मशीनवाली आहे.

उंटावरचा_शहाणा

एक्सेलमध्ये करा की सरळ.

कचेरीसमोरची

दादा, १४ पानांच्या दस्तात तक्त्याशिवायही मजकूर आहे. "लिहून देणार यांचे आजोबा मयत झाल्यानंतर" हे एक्सेलमध्ये लिहू का?

जुना_लघुलेखक

ताई, मी जिल्हा न्यायालयात ३२ वर्षं काढली, आता निवृत्त. तुमचा प्रश्न वाचून मला माझंच टेबल आठवलं. आम्हीही हाच एंटरचा उद्योग करायचो.

मशीनवर कागद आपण फिरवायचो, म्हणून ओळ कुठे पडणार ते आपल्या हातात होतं. वर्डमध्ये पान कुठे संपणार हे तो प्रत्येक वेळी नव्याने ठरवतो. प्रिंटर बदलला, फॉन्ट बदलला, मधे एक शब्द वाढला, की पुन्हा ठरवतो. त्यामुळे एंटर मारून ढकललेली ओळ आजच्या पानापुरती ढकललेली असते. ओळीलाच सांगायचं की बाई, तू तुटायचं नाहीस.

पूर्ण तक्ता निवडा (तक्त्यावर माउस नेला की डाव्या वरच्या कोपऱ्यात चार बाणांची खूण येते, तिच्यावर क्लिक). उजवं बटण, टेबल प्रॉपर्टीज, तिथे रो नावाचा टॅब. "अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस" ही टिक काढा. संपलं. आता चतु:सीमेच्या पाचही ओळी एकत्र राहतील, मावल्या नाहीत तर अख्खी मिळकत पुढच्या पानावर जाईल. आधीचे ते एंटर मात्र काढून टाका, नाहीतर पानं अर्धी रिकामी दिसतील. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबा, सगळे एंटर उलट्या पीसारखे दिसायला लागतात. पहिल्यांदा बघाल तर मुंग्यांची रांग वाटेल.

मथळ्यासाठी फक्त पहिली ओळ निवडा. त्याच रो टॅबमध्ये "रिपीट अ‍ॅज हेडर रो" अशी टिक आहे, ती द्या. हाताने घातलेले बाकीचे मथळे काढून टाका. मग विहीर वाढो नाहीतर आंब्याची झाडं वाढोत, मथळा पानाच्या माथ्यावरच राहील. दुसऱ्या पानावरचा तो मथळा तुम्हाला निवडताही येणार नाही, कारण ती खरी ओळ नाही, पहिल्या ओळीचं प्रतिबिंब आहे. दुरुस्ती करायची तर पहिल्या पानावर करा, सगळीकडे होते.

आणि एक. सह्यांचा मजकूर तक्त्याखाली असतो ना? तो एकटा कोऱ्या पानावर जाऊ देऊ नका. वकिलांना विचारा, वर मजकूर नसलेल्या पानावरची सही ही सगळ्यात वाईट सही. तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी निवडून पॅराग्राफच्या खिडकीत, लाइन अँड पेज ब्रेक्समध्ये, "कीप विथ नेक्स्ट"ला टिक द्या. त्या ओळी सह्यांना चिकटून राहतात. सह्या पुढे गेल्या तर दोन मिळकती सोबत घेऊन जातात.

डीटीपी_इचलकरंजी

ताई, वेलांटीचं मी सांगतो, हे आमचं रोजचं दुखणं आहे.

काकांनी सांगितलेल्या त्याच रो टॅबमध्ये वर बघा, "स्पेसिफाय हाइट" ला टिक असेल आणि शेजारी "एक्झॅक्टली" असेल. पैज लावतो. ज्याने साचा केला त्याने जुन्या फॉन्टाला बरोबर बसेल एवढी उंची बांधून टाकलेली असणार. मंगल हा उंच फॉन्ट, त्याच आकड्याला जुन्या फॉन्टापेक्षा ओळीची जागा बरीच जास्त घेतो. उंची बांधलेली म्हटल्यावर जास्तीचं कापलं जातं, दुसरं काय होणार? "एक्झॅक्टली"च्या जागी "अ‍ॅट लीस्ट" करा. मग ओळ कमीत कमी तेवढी राहील आणि गरज पडेल तशी वाढेल.

एवढं करूनही कापलं तर दुसरीकडे बघायचं: मजकूर निवडून पॅराग्राफ, लाइन स्पेसिंग. तिथेही "एक्झॅक्टली १२ पॉइंट" असं काहीतरी असतं. ते "सिंगल" करा. दोन ठिकाणी दोन एक्झॅक्टली असतात आणि माणूस एक काढून दुसरं विसरतो. माझी एकदा लग्नपत्रिका अशीच गेली होती, "श्री"ची वेलांटी छाटून. नवऱ्या मुलाचा बाप दोन दिवस बोलत नव्हता.

मंगल फार जागा खातो असं वाटलं तर विंडोज ७ पासून कोकिळा म्हणून फॉन्ट मिळतो, तो आटोपशीर आहे. पण त्याच आकड्याला बराच बारीक दिसतो. मंगल १२ असेल तर कोकिळा १६ वगैरे करून बघा, आधी एकाच पानावर.

आणि रकान्यांची रुंदी बांधा. उंची बांधायची नाही, रुंदी बांधायची! टेबल प्रॉपर्टीज, टेबल टॅब, ऑप्शन्स, "ऑटोमॅटिकली रिसाइझ टू फिट कंटेंट्स"ची टिक काढा. नाहीतर एखाद्या गट नंबरात मोठा पोटहिस्सा आला की तो रकाना फुगतो आणि चतु:सीमेला चेपतो.

कचेरीसमोरची

काका, दादा, दोघांनाही नमस्कार. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा करून बघितलं.

वेलांट्या आल्या! एक्झॅक्टलीच होतं, दोन्ही ठिकाणी. दादा, पैज जिंकलात. दहा-बारा वर्षं आख्खा तालुका तो साचा वापरतोय आणि कुणी आत डोकावलं नाही. मी पण नाही.

ओळ तुटायची पण थांबली. एंटर दिसायचं ते बटण दाबलं तर खरंच मुंग्या. एका परिशिष्टात २७ एंटर निघाले. काही तर चतु:सीमेच्या खणात मजकुराच्या आत होते, आणि काही माझ्याही आधीच्या माणसाने मारलेले असणार. रिकाम्या घरात कुणाची तरी भांडी सापडावीत तसं वाटलं.

मथळा मात्र काही केल्या दुसऱ्या पानावर येत नाही. टिक दिली, काढली, परत दिली. परिशिष्ट अ मध्ये येतो. ब आणि क मध्ये नाही. तीनही तक्ते एकाच साच्यातले. का?

जुना_लघुलेखक

ब आणि क माउसने ओढून हलवले होते का? त्या चार बाणांच्या खुणेला धरून?

कचेरीसमोरची

हो. डावीकडे बाइंडिंगला जागा कमी पडत होती म्हणून सरकवले.

जुना_लघुलेखक

मग तेच. माउसने ओढला की वर्ड त्या तक्त्याला तरंगता करतो, चित्रासारखा. टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेबल टॅबवर खाली "टेक्स्ट रॅपिंग" आहे. तिथे "अराउंड" झालेलं असणार, ते "नन" करा. तरंगत्या तक्त्याचा मथळा पुढच्या पानावर येत नाही.

तेवढ्याने नाही आला तर तक्त्याच्या मध्ये कुठे कंट्रोल-एंटर मारून पान तोडलं आहे का बघा. तसं तोडलं की तक्त्याचे दोन तक्ते होतात, दुसऱ्याला स्वतःचा मथळा नाही. आणि मथळा पहिल्या ओळीपासूनच सुरू व्हायला लागतो; वर "परिशिष्ट ब" अशी जोडलेली ओळ असेल तर ती आणि रकान्यांची, दोन्ही मिळून निवडायच्या.

बाइंडिंगला जागा हवी तर तक्ता ओढू नका, पानाचा समास वाढवा. लीगल पान २१.५९ सेंटिमीटर रुंद. डावीकडे ३.८ आणि उजवीकडे १.३ सोडलेत तर साधारण साडेसोळा उरतात. मी असतो तर अ.क्र. १.२, गट २.३, क्षेत्र ३, आकार २.५ आणि चतु:सीमेला ७.५ दिले असते. बेरीज करून बघा, साडेसोळाच होतात. हे तुमच्या मशीनवरच्या स्टेटमेंटसारखंच झालं, आधी आकडेमोड, मग गाडी हलवायची.

मांडवीकाठ

नमस्कार. मी पणजीला असते, संस्थांचे अहवाल करून देते. लिब्रेऑफिस वापरते, त्याला पैसे पडत नाहीत. तिथे हेच सगळं टेबल, प्रॉपर्टीज, टेक्स्ट फ्लो ह्या टॅबमध्ये एकाच जागी मिळतं: ओळ तुटू द्यायची की नाही, मथळा परत घ्यायचा का, आणि किती ओळींचा घ्यायचा. कुणाला बदलायचं असेल तर सांगून ठेवलं.

पण मला वेगळंच विचारायचं होतं. ताई, क्षेत्राचा रकाना तुम्ही कसा लावता? डावीकडे, मध्ये की उजवीकडे?

कचेरीसमोरची

मध्ये. साच्यात तसंच आहे. छान दिसतं.

मांडवीकाठ

छान दिसतं, पण चूक लपते.

आकडे उजवीकडे लावा आणि प्रत्येक आकडा पुरता लिहा. हेक्टर, मग आर दोन अंकी, मग चौरस मीटर दोन अंकी. ५ आर असेल तर ०.०५.००. नुसतं ०.५ कुणी लिहिलं तर ते ५ आर की ५० आर? मध्यभागी लावलेल्या रकान्यात ०.५ आणि ०.४५.२० एकाखाली एक आले तर डोळ्याला काही खुपत नाही. उजवीकडे लावले आणि सगळ्यांना सारखे अंक असले की ठिपके एकाखाली एक येतात. जो आकडा अपुरा आहे तो दात पडल्यासारखा दिसतो.

माझ्या वडिलांच्या जमिनीच्या कागदात हेच झालं होतं, म्हणून मला त्याची धास्ती आहे. जमीन सीमेपलीकडे, सिंधुदुर्गात. कुणा टंकलेखकाने शून्य गाळलं आणि ते सरळ करायला आम्हाला किती हेलपाटे पडले ते विचारू नका.

डीटीपी_इचलकरंजी

ह्यांचं म्हणणं शंभर टक्के. आणि बेरीज हाताने करू नका ताई. इथे त्या उंटावरच्या शहाण्याचं एक्सेल कामाला येतं, फक्त बेरजेपुरतं.

१ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे १ हेक्टर. म्हणून ०.४५.२० मधला दुसरा ठिपका काढला की तो साधा दशांश होतो, ०.४५२० हेक्टर. तसे आकडे एक्सेलमध्ये घाला आणि बेरीज घ्या. समजा ०.४५२०, ०.०५०० आणि १.१२८० असे तीन गट आहेत, बेरीज १.६३००, म्हणजे १.६३.००. मधल्याच्या जागी कुणी ०.५ घातलं असतं तर २.०८०० आली असती. ४५ आरांचा फरक, एक एकराहून जास्त. भाऊ भावाच्या डोक्यात दगड घालेल.

एक्सेलमध्ये इंग्रजी आकडे टाकायचे आणि दिसायला मराठी हवेत, तर खणाच्या फॉरमॅटमध्ये कस्टम निवडून हे लिहा:

[$-4000439]0.0000

आकडा आतून तोच राहतो, बेरीज होते, दिसतो देवनागरीत. तिथून वर्डच्या तक्त्यात चिकटवला की देवनागरीच येतो. दुसरा ठिपका मग हाताने घाला.

कचेरीसमोरची

हे वाचून मी जुन्या फायली उघडून बसले. रात्रीचे दहा वाजले, घरून दोन फोन येऊन गेले.

मुक्त्यारपत्रं, खरेदीखतं सोडली आणि नुसती वाटणीपत्रं बघितली, गेल्या वर्षाची. ताई, तुमचं खरं आहे. मध्यभागी लावलेल्या रकान्यात मला काही दिसत नव्हतं. उजवीकडे लावले आणि एका दस्तात दोन आकडे दात पडल्यासारखे दिसले. अंगावर काटा आला. मग कच्चा मजकूर काढून ताडून बघितला, सातबाराची झेरॉक्स त्याला जोडलेली होती. क्षेत्र बरोबर होतं, दोन्ही ठिकाणी ५० आरच होते, फक्त लिहायची पद्धत अर्धवट. सुटले. पण हे देवाच्या कृपेने, माझ्या कामाने नाही.

मथळा आला. ब आणि क दोन्ही अराउंड होते. नन केलं, समास वाढवला, काकांचे रकाने जसेच्या तसे घेतले. फक्त गट नंबरला २.३ पुरत नाही, आमच्याकडे "१४७/२अ/१ पैकी" असे असतात, म्हणून २.८ केला आणि चतु:सीमेचा ७ ठेवला.

काका, एक शंका. अ.क्र. आपोआप पडायची सोय असते म्हणे, मुलगी सांगत होती. ओळ वाढली की पुढचे क्रमांक आपले आपण बदलतात. ते करू का?

जुना_लघुलेखक

सोय आहे. दस्तात करू नका, माझं ऐकाल तर. मजकुरात कुठेतरी लिहिलेलं असतं, "परिशिष्ट ब मधील अ.क्र. ४ चे मिळकतीतील विहिरीवरून". वर एक ओळ वाढली की तक्त्यातला ४ चा ५ होतो, मजकुरातला ४ तसाच राहतो. विहीर शेजारच्या भावाला गेली. हाताने क्रमांक घातला की निदान बदलताना लक्ष तरी जातं. तालुक्याच्या अहवालाला, मतदार यादीला, हजेरीला आपोआप चालेल.

असंच एक गट नंबरबद्दल: एकाच गटाचे तीन हिस्से आले की गट नंबरचे तीन खण उभे जोडून मध्ये एकदाच आकडा लिहायचा मोह होतो. दिसतं देखणं. पण तो जोडलेला खण पानाच्या कडेवर आला की आकडा मागच्या पानावर आणि हिस्से पुढच्या पानावर, आणि ओळी निवडायला गेलं की भलतंच निवडलं जातं. तिन्ही ओळींत गट नंबर तीनदा लिहा.

कचेरीसमोरची

कोऱ्या पानाचं कुणीच नाही सांगितलं.

डीटीपी_इचलकरंजी

अरे हो. तक्त्याच्या खाली वर्ड एक रिकामी ओळ ठेवतोच, ती काढता येत नाही, म्हणून तुमचं बॅकस्पेस वाया जातं. तक्ता पानाच्या तळाला टेकला की ती ओळ पुढच्या पानावर जाते आणि कोरं पान निघतं. ती ओळ निवडा, अक्षराचा आकार १ करा (यादीत नसतो, हाताने टाइप करून एंटर), लाइन स्पेसिंग एक्झॅक्टली १ पॉइंट, आधीची-नंतरची जागा शून्य. एक्झॅक्टली चांगलं असण्याची ही एकच जागा.

पुढचं परिशिष्ट नवीन पानावर पाहिजे म्हणून तुम्ही तिथे पान तोडत असाल, तर तेही काढा. त्याऐवजी "परिशिष्ट ब" ह्या शीर्षकालाच पॅराग्राफमध्ये "पेज ब्रेक बिफोर" द्या. फक्त शीर्षक तक्त्याच्या बाहेर ठेवा.

आणि वकीलसाहेबांकडे पाठवताना पीडीएफ करून पाठवा. त्यांच्या संगणकावर फॉन्ट वेगळा, प्रिंटर वेगळा, की पानं परत हलली.

कचेरीसमोरची

झालं. आज सकाळी तेच वाटणीपत्र पुन्हा काढलं, नव्याने बसवून. १४ पानांची १२ झाली, दोन कोरी होती ती गेली. परिशिष्टाच्या प्रत्येक पानावर मथळा, एक मिळकत एका पानावर, सह्यांच्या वर दोन मिळकती. टेबलावरच्या साहेबांनी पानं मोजली, शिक्के मारले, तोंडातून शब्द नाही. थोरल्या भावाने मात्र बाहेर येऊन विचारलं, "बाई, मागच्या वेळी माझी दोन पानं जास्त होती, काही काढलंत का तुम्ही?" त्याला बाकड्यावर बसवून पान न् पान दाखवलं. विहिरीची ओळ दोनदा वाचून घेतली त्याने.

पीडीएफचं वकीलसाहेबांना पटत नाही, त्यांना शेवटच्या घटकेला शब्द बदलायचा असतो. दोन्ही पाठवते आता.

मांडवीकाठ

ताई, तो दुरुस्त केलेला साचा इथे टाकाल का? बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

कचेरीसमोरची

टाकते, पण आहे तसा नाही. आत पक्षकारांची नावं, गट नंबर, आधार नंबर सगळं आहे. ते काढून, प्रत्येक खणात नुसतं "गट नं." आणि ०.००.०० ठेवून देते. आत्ता लाइट गेलीय आणि यूपीएस ओरडायला लागलाय, बाकड्यावर एक म्हातारे वारसाच्या अर्जासाठी बसलेत. त्यांचं झालं की संध्याकाळी बसते.